गोप्याला तेल लावू नका

मंडळाचा वरवंटा रतलामला गेला आहे, एवढं एक वाक्य शेषराव नेव्यांनी त्या संध्याकाळी वेळेवर उच्चारलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शेषराव मराठी स्नेह मंडळाचे चिटणीस होते, आणि जयपुरात राहून मराठी मंडळ चालवणाऱ्या माणसाला 'नाही' हा शब्द फार जड जातो. मंडळाची सगळी मालमत्ता एका पत्र्याच्या ट्रंकेत त्यांच्याच खाटेखाली असे. मोदकपात्र होतं, पाळण्याच्या कड्या होत्या, गुढीचा तांब्या होता. वरवंटाही असायला हवा होता, पण आधीच्या चिटणिसांच्या बायकोने रतलामच्या बदलीच्या वेळी 'हा मुळात माझ्या माहेरचा' असं सांगून तो उचलून नेला होता. शेषरावांनी ट्रंकेचा ताबा घेताना आत न बघताच सही केली, आणि सही केलेला माणूस मागाहून काय बोलणार? रेल्वेत पस्तीस वर्षं काढल्यावर एवढं तर कळतंच.

त्या संध्याकाळी सुभेदार हिंदुराव माने क्वार्टरवर आले आणि खुर्चीच्या कडेवर ताठ बसले. त्यांची मुलगी शालन बाळंतपणाला माहेरी, म्हणजे जवाहर नगरातल्या त्यांच्या भाड्याच्या घरी आली होती. मुलगा झाला होता. बारसं रविवारी होतं आणि त्यासाठी सुभेदारांच्या मातोश्री, द्वारकाआजी, कऱ्हाडजवळच्या गावाहून दोन पत्र्याचे डबे आणि एक वळकटी घेऊन मुद्दाम आल्या होत्या.

"आई म्हणती, वरवंट्याबिगर बारसं हुणार न्हाई," सुभेदार म्हणाले. "हितं तर ज्याच्या त्याच्या घरी मिक्सर."

"मग मंडळ कशासाठी आहे?" शेषराव म्हणाले. "वरवंटा माझ्याकडे लागला."

सुभेदारांनी उभं राहून त्यांचा हात हातात घेतला. लष्करातल्या माणसाने इतक्या मनापासून हात दाबल्यावर 'जरा थांबा, वरवंटा रतलामला गेला आहे' असं म्हणणं शेषरावांना प्रशस्त वाटलं नाही.

खरं म्हणजे त्या दिवसांत शेषरावांच्या जिवाला घोर होता तो वेगळाच, आणि त्या घोराचं नाव विलास. विलास त्यांचा एकुलता एक मुलगा. खडकांवर पीएच.डी. केलेला, तिशी उलटलेला आणि बिननोकरीचा. दाराबाहेरच्या पाटीवर 'डॉ.' लागल्यापासून कॉलनीतली निम्मी मंडळी खोकला दाखवायला येऊन गेली होती. मुलींचे वडील येत, चहा पीत, 'डॉक्टर म्हणजे नक्की कसले?' असं विचारत आणि उत्तर ऐकून पत्रिका परत मागत.

विलासचं म्हणणं असं, की जमिनीच्या पोटात खडकावर दाब वाढत जातो तेव्हा तो एकदम फुटत नाही. आधी बारीक बारीक तडकतो, आणि प्रत्येक तडकण्याचा आवाज होतो. तो आवाज नीट ऐकायला शिकलं तर खाणीतला दगड केव्हा उसळणार ते आधी सांगता येईल, माणसं वर काढता येतील, आणि भूकंपाच्या विद्येलाही त्याचा उपयोग होईल. हे सगळं त्याने वडिलांना पुष्कळदा सांगितलं होतं. पण विलास बोलायला लागला की दुसऱ्या वाक्याला त्याचा आवाज खाली जाई, तिसऱ्याला तो चष्मा पुसायला घेई, आणि चौथं वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं.

आता सगळी भिस्त स्वीडनवर होती. डॉक्टर झालेल्या माणसाला परदेशातलं विद्यापीठ दोन वर्षं संशोधनाला बोलावतं, वर पगारही देतं, त्याला पोस्ट-डॉक्टरेट म्हणतात, हे पचायला शेषरावांना बराच काळ लागला. ऑफिसात त्यांनी ते 'डेप्युटेशन' म्हणून सांगितलं तेव्हा कुठे लोकांनी माना डोलावल्या. शेजारचे माथुरसाहेब अकाउंट्समधले. त्यांनी तत्काळ विचारलं, "लिएन रहेगा ना, नेवेजी?" ज्याला नोकरीच नाही त्याची नोकरीवरची जागा कशी राखून ठेवणार, हे त्यांना समजावता समजावता शेषरावांचा चहा गार झाला. कॅनडाने आधीच नाही म्हटलं होतं. जपाननेही म्हटलं होतं, फार अदबीने. स्वीडनच्या नियमात निवडीच्या दिवशी डॉक्टर होऊन पाच वर्षं झालेला माणूस बाद होता आणि विलासची पाच वर्षं त्या वर्षीच्या पावसाळ्यात भरत होती. म्हणजे हे हुकलं की सिमेंट कंपनीत तपासणीचे ठोकळे फोडायचे, तेही कुणी घेतलं तर.

तिथले प्रोफेसर होल्म दिल्लीला एका परिषदेला येणार होते. परदेशी माणूस दिल्लीला आला की जयपूर बघतोच, त्यामुळे सोमवारी सकाळी ते थेट क्वार्टरवर येऊन विलासला भेटणार होते. आणि त्यांना पाहायचा होता दगड. खाणीच्या तळातून यंत्राने कोरून काढलेला, वीतभर लांबीचा, मुठीत मावणारा, करड्या रंगाचा गुळगुळीत गोल दांडा. असे तीन दांडे एकाच शिळेतून निघाले होते. दोन विलासने कॉलेजच्या यंत्रात चिरडून त्यांचे आवाज टिपले. तिसरा प्रोफेसर स्वतःबरोबर नेऊन आपल्या भारी यंत्रात चिरडणार होते, आणि विलास म्हणतो तस्साच तो तडकला तर विलासची जागा पक्की होती. त्या शिळेचा आता खडासुद्धा उरला नव्हता. सुलोचनाबाई, म्हणजे विलासची आई, या तिसऱ्याकडे जरा मायेनेच बघत. दोन भावंडं गेली बिचाऱ्याची, असं त्या एकदा म्हणाल्याही होत्या.

हा दगड कापूस भरलेल्या लाकडी पेटीत, कपाटावर होता. खाणीचे नकाशे आणायला विलास उदेपूरकडे निघाला तेव्हा त्याने वडिलांना बजावलं होतं, "बाबा, याला हात लावायचा नाही. हाताचं तेलसुद्धा लागता कामा नये. तेल मुरलं की आवाज बदलतो." तो सोमवारी पहाटे परतणार होता.

आता वरवंट्याकडे वळू, कारण शेषरावांनाही वळावंच लागलं. पहिले दोन दिवस त्यांनी शेजारधर्मावर विश्वास टाकला. माथुरसाहेबांनी घरचा बट्टा, म्हणजे त्यांच्याकडचा वाटायचा दगड, आनंदाने काढून दिला. शेषराव तो पिशवीत घालून जवाहर नगरला गेले. द्वारकाआजींनी तो हातात घेऊन पाहिला आणि ही साबणाची वडी कुणाची म्हणून विचारलं. पाट्यावर चालतो तो वरवंटा लांब, गोल आणि मुठीत मावणारा असतो, त्याला झबलं चढतं, टोपी बसते, की झाला बारशाचा गोप्या, तो मांडीवर घेता येतो. या चपट्याला टोपी कुठे घालायची? शेषराव हसून म्हणाले की हा नमुन्यादाखल आणला होता, खरा ट्रंकेत आहे. अशा रीतीने थाप दुसऱ्यांदा मारली गेली.

मग ते गावात मूर्तिकारांच्या गल्लीत गेले. तिथल्या कारागिराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, संगमरवरात करून देईन म्हणाला, होळीनंतर या म्हणाला, आणि नाक-डोळेही काढायचे का, हेही विचारलं. माथुरसाहेबांचा दुसरा सल्ला बगरूचा होता. तिथे कापडावर छपाई करणारे लोक रंग कुटतात, म्हणजे त्यांच्याकडे कुटायला काहीतरी असणारच, असा त्यांचा हिशेब. शेषराव रजा टाकून बसने बगरूला गेले. कुटायचं काहीतरी होतं खरं, पण ते लाकडी आणि पुरुषभर उंचीचं होतं. शिवाय नीळ भिजवलेल्या कुंडात त्यांचा डावा हात कोपरापर्यंत गेला. तो निळा हात घेऊन ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले आणि साहेबांनी प्रकृतीची चौकशी केली.

शनिवार उजाडला. सुलोचनाबाई भाजीला गेल्या होत्या. शेषराव खाटेवर बसून कपाटावरच्या पेटीकडे बघत होते. आपण पेटीकडे बघत नसून भिंतीकडे बघतो आहोत, असं त्यांनी स्वतःला काही वेळ सांगून पाहिलं. मग स्टूल घेतलं. रुमाल हाताला गुंडाळून दगड बाहेर काढला आणि खिडकीपाशी नेला. इतका देखणा वरवंटा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यांनी रेल्वेच्या रीतीने विचार केला. दगड हवा रविवारी संध्याकाळी. प्रोफेसर येणार सोमवारी सकाळी. मधे अख्खी रात्र मोकळी आहे, दोन गाड्या एका रुळावर येण्याचा संभवच नाही. शिवाय बारशात वरवंट्याला काम ते काय? कपडे घालून पाळण्याखालून घ्यायचा आणि वरून द्यायचा. दगड झिजत नाही. आणि मनाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात आणखीही एक गोष्ट होती, जी त्यांनी कुणालाच सांगितली नसती. तान्ह्या बाळाच्या पाळण्यातून जाऊन आलेल्या वस्तूला थोडा तरी गुण लागत असेल, आणि विलासच्या वाट्याला आजवर कसलाच गुण लागला नव्हता. स्वीडनच्या काळजीने त्यांची झोप उडाली होती ती खरीच उडाली होती.

पेटी रिकामी ठेवणं मात्र त्यांच्या जिवावर आलं. कुणी उचलली तर हलकी लागेल. म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातलं लाटणं आणून कापसात निजवलं आणि झाकण लावलं. त्या रात्री सुलोचनाबाईंनी लाटणं सापडेना म्हणून पोळ्यांऐवजी हातावर भाकरी थापल्या. शेषरावांनी त्यांची नको तितकी स्तुती केली.

रविवारी जवाहर नगरात सुभेदारांच्या घरी बायका आतल्या खोलीत आणि पुरुष बाहेरच्या खोलीत अशी मांडणी झाली. ही मांडणी शेषरावांच्या ध्यानात आधी आली नव्हती. आपण दगडाच्या शेजारी उभे राहू, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात पंच्यात गुंडाळलेला दगड शालनने दारातून घेतला, पडदा पडला, आणि शेषराव सुभेदारांच्या शेजारी खुर्चीवर येऊन बसले. सुभेदार त्यांना पासष्टची लढाई सांगू लागले. शेषरावांचे कान आत होते.

आत कुणीतरी ऊन पाणी मागितलं. शेषरावांनी मांडी बदलली. मग वाटी मागितली गेली, आणि वाटीत काय, तर खोबरेल.

शेषराव पडद्यापाशी जाऊन म्हणाले, "आजी, तेवढं गोप्याला तेल लावू नका."

आतून द्वारकाआजींचा आवाज आला. "का वं?"

"मंडळाचा नियम आहे," शेषराव म्हणाले. "हातातून निसटतो. मागे एकदा नागपूरच्या बाईंच्या पायावर पडला."

"आंघुळ तेलाबिगर घालत्यात व्हय लेकराला?" आजी म्हणाल्या. "बसा तुमी. आमी धरतो घट."

त्यानंतर जे आवाज आले ते शेषराव पुढे कित्येक दिवस विसरले नाहीत. तेल चोळल्याचा तसा आवाज होत नाही, पण त्यांना तो ऐकू आला. मग पाणी पडलं. मग कुणी काजळ मागितलं, कुणी कुंकू मागितलं, आणि हळद कुणी मागितलीच नाही कारण ती तिथेच होती. गाणाऱ्या बायकांत सुलोचनाबाईंचा आवाज सगळ्यांत वरचा असे. तो एका कडव्याच्या मध्येच थांबला. शेषरावांनी ओळखलं की तिने दगड ओळखला. पेटीतला कापूस बदलायचं काम तिचंच होतं. काही वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला, पण त्यात पूर्वीची गोडी नव्हती.

शेषराव मनातल्या मनात रात्रीचं वेळापत्रक आखायला लागले. घरी नेऊन बेसन लावायचं, नाहीतर रिठे. की घासलेट? घासलेटने वास राहील. सुभेदार चौकी कशी घेतली ते ताटातल्या लाडवांवर दाखवत होते, आणि नेमक्या त्याच वेळी फाटकाशी अॅम्बॅसिडर थांबली.

पुढच्या दाराने माथुरसाहेब उतरले, वाट दाखवल्याच्या समाधानात. मागून विलास उतरला. त्याच्या हातात लाटणं होतं.

झालं होतं ते असं. नकाशे लवकर मिळाले म्हणून विलास एक दिवस आधीच परतला. प्रोफेसरांचा आग्र्याचा बेत फिसकटला म्हणून तेही एक दिवस आधीच क्वार्टरवर हजर झाले. विलासने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, कपाटावरची पेटी काढून त्यांच्यासमोर ठेवली, आपल्या कामाविषयी दोन वाक्यं बोलून झाकण उघडलं, आणि ते दोघंही बराच वेळ लाटण्याकडे बघत राहिले. घरातले सगळे जवाहर नगरला गेलेत, हे माथुरसाहेबांनी कुंपणावरून सांगितलं.

गाडीतून सगळ्यांत शेवटी प्रोफेसर होल्म उतरले. म्हणजे उतरल्या. साठीच्या, उंच, पांढऱ्या केसांच्या बाई, डोक्यावर सुती टोपी आणि पायांत डोंगर चढायचे बूट. प्रोफेसर बाईही असू शकते, हे शेषरावांनी धरलेल्या हिशेबात कुठेच नव्हतं. पाहुण्यासाठी त्यांनी दाढीचा साबण आणि स्वच्छ वस्तरासुद्धा काढून ठेवला होता.

"बाबा," विलास म्हणाला, "तिसरा कुठे आहे?"

शेषरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि द्वारकाआजींनी बाहेर डोकावून पाहिलं. "बाई हाय न्हवं ती? मग बाप्यांत का बसवलीया? आत आणा, सवाष्न कमी पडतीया." पाहुण्याबाई सवाष्ण आहेत की नाहीत, हे विचारायला कुणी धजेना, आणि त्या आधीच कुतूहलाने बूट काढायला वाकल्या होत्या. शालन त्यांना हाताला धरून घेऊन गेली. पडदा पुन्हा पडला.

आत काय झालं ते नंतर सुलोचनाबाईंनी सांगितलं. बाईंना कुंकू लावलं, पाळण्याच्या एका अंगाला बसवलं. पलीकडच्या बाईने पाळण्याखालून गोप्या द्यायचा, अलीकडच्या बाईने घेऊन वरून परत करायचा, असं शालनने इंग्रजीत समजावलं. बाईंना फार मौज वाटली. झबलं-टोपीतला गोप्या खालून त्यांच्या हातात आला आणि त्या थबकल्या. चाळीस वर्षं ज्या हातांनी असे दांडे उचलले होते त्या हातांना बाकी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी झबलं थोडं वर केलं. तळाशी विलासच्या अक्षरात पेन्सिलीने तीनचा आकडा घातलेला होता.

बाहेर शेषराव पडद्याकडे बघत होते, विलास शेषरावांकडे बघत होता आणि माथुरसाहेब लाडू खात होते. शेवटी पडदा हलला. प्रोफेसरबाई गोप्याला कुशीत घेऊन बाहेर आल्या. गोप्याच्या गालावर काजळाची तीट होती. विलासने तो पाहिला, आणि हातातलं लाटणं टेबलावर ठेवून दिलं.

शेषराव उठले. खुलाशाच्या अर्जांतलं जे इंग्रजी त्यांना येत होतं ते सगळं गोळा करून ते म्हणाले की सर, कसूर संपूर्णपणे खाली सही करणाऱ्याची आहे, मुलाला यातलं काही माहीत नव्हतं, त्याच्यावर कारवाई होऊ नये. मुलाच्या डोळ्यांत बघायचं धाडस त्यांना झालं नाही. पाच वर्षं पोराने ज्यासाठी जीव काढला ते आपण बढाईपायी घालवलं, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं, आणि रडू येऊ नये म्हणून ते सुभेदारांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

"याला तेल लावलंय?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"डोक्यापासून पायापर्यंत," शालनने सांगितलं.

"मग हा आता माझ्या कामाचा नाही," बाई म्हणाल्या. "आणि तेल नसतं तरी मी याला यंत्रात चिरडू शकले नसते. आत्ताच आत मला सांगितलं, की हा त्या बाळाचा थोरला भाऊ आहे." त्या खुर्चीवर बसल्या आणि विलासकडे वळल्या. "दगड तर गेला. आता तुम्ही मला दाखवणार काय?"

विलासने चष्मा काढला, पुसला. शेषरावांना वाटलं, झालं, संपलं. आता हा पोरगा चौथ्या वाक्यापर्यंत पोचणार नाही, पहिल्यापर्यंतसुद्धा नाही.

विलासने चष्मा घातला. मग सुभेदारांच्या ताटातली कुरडई उचलली. द्वारकाआजींनी डबा भरून गावाहून आणलेल्या, तळून फुलवलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया होत्या त्या. त्याने ती टेबलावर ठेवली, तिच्यावर एक थाळी पालथी घातली आणि थाळीवर पाण्याचा तांब्या ठेवला. "सगळे जरा गप्प राहा," तो म्हणाला. सुभेदारांनी तीच आज्ञा परेडच्या आवाजात पुन्हा दिली, आणि माथुरसाहेबांचं चघळणंसुद्धा थांबलं.

"तुम्ही दाबा, मॅडम. अगदी हळू," विलास म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाईंनी तांब्यावर तळवा टेकला. करकन एक बारीक आवाज झाला. मग काहीच नाही. मग एक, मग दोन लागोपाठ. पडदा सरकवून बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पंचवीस माणसं श्वास धरून कुरडई ऐकत होती. आवाज एकमेकांजवळ यायला लागले, आणि भिंतीकडे बघतच विलास म्हणाला, "थांबा."

बाईंनी हात उचलला, थाळी उचलली. कुरडई शाबूत होती.

"आता थांबू नका," विलास म्हणाला. बाईंनी थाळी ठेवून पुन्हा हात टेकला, आणि जवळजवळ लगेच कुरडईचा भुगा झाला.

दुसरी कुरडई आणली गेली, मग तिसरी. विलासने प्रत्येकीला नेमक्या वेळी थांबवलं, आणि आवाज कसे विरळ येतात, कुठे दाट होतात, दाट होण्याआधी कुठे एकदा फसवी शांतता पडते, हे भिंतीकडे तोंड करून सांगत गेला. भिंतीशी त्याला छान बोलता येत होतं. त्याचा आवाज एकदाही खाली गेला नाही. चौथ्या कुरडईला शेषरावांनीही डोळे मिटले होते आणि विलासच्या किंचित आधी त्यांच्याही तोंडून 'थांबा' निघून गेलं. पाच वर्षं जे ऐकून घेतलं नव्हतं ते त्यांना तिथे ऐकू आलं.

"आन घ्या की अजून," द्वारकाआजी दारातून म्हणाल्या. "डबा भरल्याला हाय. पर आदी माझा गोप्या द्या. पोरगं उचललंय, पाळना रिकामा ऱ्हाऊ न्हाई."

बाईंनी गोप्या दोन्ही हातांनी आजींना परत केला. मग हाताला लागलेलं खोबरेल रुमालाने पुसत त्या विलासला म्हणाल्या, "सप्टेंबरात या. दगड आमच्याकडे पुष्कळ आहेत." आणि उरलेल्या कुरडयांकडे बोट दाखवून, "या मात्र नाहीत. येताना या घेऊन या."

विलास वळला. तो आधी वडिलांकडे आला, आणि टेबलावरचं लाटणं उचलून त्याने त्यांच्या हातात दिलं. शेषरावांनी ते घेतलं आणि उरलेला सगळा समारंभ ते लाटणं हातात धरूनच बसून राहिले. घरी जाताना रिक्षात सुलोचनाबाई त्यांना जे बोलल्या ते आदर्श नगर मागे पडेपर्यंत चाललं होतं, पण ते इथे सांगण्याचं कारण नाही.

रीतसर कागद आला. व्हिसा आला. विलासच्या सामानात कुरडयांचा डबा इतक्या कपड्यांत गुंडाळून गेला की स्वेटरला जागा उरली नाही. गोप्या आजींनी धुऊनपुसून, झबल्या-टोपीसह परत पाठवला होता. तो मंडळाच्या ट्रंकेत मोदकपात्राशेजारी निजला आणि मंडळाला पुन्हा वरवंटा झाला. स्वीडनचं होणार नाही या काळजीने शेषराव वर्षभर जागले होते. आता ते झालं, तरी त्यांची झोप काही परतली नाही. तिथे थंडी किती, तिथे दूध कसलं, पोराच्या छातीला बर्फ बाधलं तर बघणार कोण?

दिल्लीच्या विमानतळावर विलास काचेपलीकडे दिसेनासा झाला. शेषराव आणि सुलोचनाबाई रात्रीच्या गाडीने परतली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेषराव पंचांग शोधायला म्हणून विलासच्या खोलीत गेले. खाटेवर चादर ताठ घातलेली होती. उशीवर गोप्या होता, टोपी घातलेला, आणि छातीपर्यंत विलासची घोंगडी पांघरलेली.

"हे काय?" त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

लाटण्याचा आवाज थांबला. "रिकामं ठेवू नये म्हणतात," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"ते पाळण्याचं. खाटेचं कुणी सांगितलं?"

आत लाटणं पुन्हा फिरू लागलं. मंडळाची मालमत्ता खासगी कामासाठी ट्रंकेबाहेर काढायची नाही, असा नियम शेषरावांनीच केला होता आणि तो सांगायला त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण टोपी एका बाजूला कलली होती. ते खाटेपाशी गेले. नुकतेच जेवून उठले होते, म्हणून त्यांनी आधी खांद्यावरच्या पंच्याला दोन्ही हात पुसले, बोटं नीट कोरडी झाली का ते पाहिलं, आणि मग टोपी सरळ केली.